कोल्हापूरची प्रजा नागरिक कशी झाली

1937 साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा वारणा नदीच्या उत्तरेचे वाळवा आणि शिराळा हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते. तिथल्या ज्या शेतकऱ्याचा सारा ठरावीक रकमेच्या वर होता, तो मत द्यायला गेला. नदीच्या दक्षिणेला पन्हाळा. शेतकरी तसाच, ऊस-भात तेच, बोली तीच, सोयरिकी दोन्ही काठांवर. पण या काठावरच्या शेतकऱ्याला मुंबईच्या त्या निवडणुकीत मत नव्हतं, कारण त्याचं गाव कोल्हापूर संस्थानात होतं.

आज कोल्हापुरात कुणालाही विचारा, संस्थानाबद्दल भरभरून बोलतील. शाहू महाराज, राधानगरीचं धरण, वसतिगृहं, तालमी. हा अभिमान माझाही आहे. पण संस्थानात राहणाऱ्या सामान्य माणसाला कायद्याने काय स्थान होतं, त्याचे हक्क कुणी दिले, कुणी मागितले आणि ते पक्के कधी झाले, याबद्दल आपण फार कमी बोलतो. तो भाग गुंतागुंतीचा आहे हे खरं, पण समजून घेता येतो.

एका डोक्यावर किती राज्यं

हिंदुस्थानात इंग्रजांचं राज्य होतं असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात देशाचे दोन भाग होते. एक थेट ब्रिटिश अमलाखालचा, म्हणजे मुंबई, मद्रास, बंगाल वगैरे प्रांत. दुसरा संस्थानांचा. लहानमोठी साडेपाचशेच्या वर संस्थानं होती आणि देशातला दर चार-पाच माणसांतला एक माणूस त्यांत राहत होता. कोल्हापूर हे त्यांतलं मानाचं संस्थान, राजाला 19 तोफांची सलामी. 1941 च्या खानेसुमारीत इथली लोकसंख्या सुमारे 11 लाख होती.

या दोन भागांत जन्मलेल्यांचा कायदेशीर दर्जाही वेगळा होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन. कोल्हापूर संस्थानात जन्मलेला माणूस महाराजांचा प्रजाजन; परदेशी गेला तर तो ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची व्यक्ती म्हणून ओळखला जाई, ब्रिटिश प्रजाजन म्हणून नव्हे. गोऱ्या साहेबाचा हुकूम त्याच्या राजावर चालत होता, पण त्या साहेबाच्या कायद्याने दिलेले थोडेफार राजकीय हक्क मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हते.

त्यातही थर होते. संस्थानाच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा जहागिरी होत्या. इचलकरंजीतल्या विणकराच्या डोक्यावर आधी जहागीरदार, त्यावर कोल्हापूरचा दरबार, त्यावर ब्रिटिश रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, आणि सगळ्यात वर दिल्लीचा व्हाइसरॉय. त्याच्यावर अन्याय झाला तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न सोपा नव्हता. जहागीरदार दरबाराकडे बोट दाखवणार, दरबार रेसिडेंटकडे, आणि रेसिडेंट म्हणणार की हा संस्थानाचा अंतर्गत मामला आहे.

खुद्द राजाच्या डोक्यावरही ही तलवार होतीच. शाहू महाराजांच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज यांना इंग्रजांनी वेडे ठरवलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथेच 1883 साली पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. त्याच प्रकरणात कोल्हापूरच्या दिवाणांवर आरोप करणारी पत्रं छापली म्हणून टिळक आणि आगरकर यांच्यावर बदनामीचा खटला झाला. 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. ती पत्रं बनावट निघाली हे खरं. पण संस्थानाच्या कारभाराबद्दल जाहीर बोलण्याची किंमत काय असते, हे त्या खटल्याने सगळ्यांना दाखवून दिलं. तरी तो खटला ब्रिटिश हद्दीत, मुंबईत चालला. संस्थानाच्या हद्दीत बसून दरबारावर लिहिणाऱ्याला तेवढाही आधार नव्हता.

हुकमाने आलेले हक्क

2 एप्रिल 1894 रोजी शाहू महाराजांच्या हाती कारभार आला. पुढच्या 28 वर्षांत या संस्थानात जे झालं, ते आजूबाजूच्या ब्रिटिश जिल्ह्यांत झालं नव्हतं.

26 जुलै 1902 चा जाहीरनामा आपल्याला ऐकून माहीत असतो: रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी त्याची व्याख्या. या हुकमाचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग मात्र शेवटी आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्या खात्यात मागासलेल्या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातून करायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी दरबाराकडे धाडायचा. म्हणजे नुसती इच्छा जाहीर करून महाराज थांबले नाहीत. हुकूम पाळला जातो की नाही हे कागदावर दिसलंच पाहिजे, अशी व्यवस्था त्यांनी त्यातच लावून दिली. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्या कुणालाही या तिमाही तक्त्याचं महत्त्व सांगावं लागणार नाही.

1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना 1 रुपया दंड. 1918 साली कुलकर्णी वतनं गेली आणि गावचं दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आलं. हा बदल वरवर कारकुनी वाटतो, पण गावातल्या माणसासाठी सरकार म्हणजे कोण, तर दप्तर ज्याच्याकडे आहे तो. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती, वारस कोण, हे सगळं एका घराण्याच्या पिढीजात ताब्यात असेल तर त्या घराण्याशी वाकडं घेऊन गावात राहणं अशक्य. पगारी तलाठी बदलता येतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. त्या तलाठ्यांत अस्पृश्य समाजातले तरुणही नेमले गेले, हे त्या काळाच्या मानाने केवढं मोठं पाऊल होतं!

महार-मांगांसह काही जातींच्या माणसांना रोज गावकामगारापुढे हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला असो वा नसो, जात तीच म्हणून हजेरी. पावण्यारावळ्यांकडे मुक्कामाला जायचं तरी परवानगी. ही हजेरी महाराजांनी बंद केली. वेठबिगारीवर बंदी आणली. 1919 साली सार्वजनिक दवाखाने, शाळा, कचेऱ्या अशा ठिकाणी अस्पृश्यांना बरोबरीने वागवण्याचे हुकूम निघाले. आणि हुकमाने भागत नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला मदत केली आणि तिथला चहा स्वतः प्यायले, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. राजा चहा प्यायला बसल्यावर बाकीच्यांना तोंड फिरवणं जमेना. 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुढे करून, हा तुमचा पुढारी, असं त्यांनीच लोकांना सांगितलं.

नागरिक म्हणून जगण्यासाठी जे जे लागतं, त्यातला मोठा वाटा या हुकमांनी दिला. रस्त्यावरून मोकळं फिरता येणं, शाळेत बसता येणं, फुकट राबावं न लागणं, सरकारी नोकरीचं दार उघडं असणं. वारणेपलीकडच्या ब्रिटिश गावातल्या दलिताला यातलं बरंचसं मिळालेलं नव्हतं. तिथे सधन शेतकऱ्याला मत होतं, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला हजेरी आणि वेठ चुकलेली नव्हती. म्हणजे पलीकडे राजकीय हक्क थोड्या लोकांना आणि सामाजिक बरोबरी जवळपास कुणाला नाही. नदीच्या या काठावर सामाजिक बरोबरीकडे मोठी झेप, पण राज्यकारभारात कुणालाच बोलायला जागा नाही.

महाराजांना ही उणीव दिसत नव्हती असं नाही. ब्रिटिश सरकारच्या 1919 च्या राजकीय सुधारणांच्या वेळी मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींना राखीव जागा मिळाव्यात म्हणून त्यांनी जोर लावला, आणि 7 जागा मिळाल्याही. त्यांच्या दरबारात काम केलेले भास्करराव जाधव पुढे मुंबई प्रांताचे मंत्री झाले. कोल्हापूरच्या कारभारात तयार झालेल्या माणसाला निवडून यायला मात्र संस्थानाची हद्द ओलांडावी लागली. शाहू महाराजांच्या थोरवीपुढे मान लववूनच हे सांगितलं पाहिजे: त्यांनी दिलेला प्रत्येक हक्क त्यांच्या सहीवर उभा होता. सही करणारा 6 मे 1922 रोजी गेला, आणि पुढे कोण येईल, काय करील, हे ठरवण्याचं कोणतंही साधन लोकांकडे नव्हतं.

गावचा आणि शहराचा कारभार

इथे स्थानिक कारभाराची गोष्ट येते. कोल्हापूरची नगरपालिका जुनी, 1854 सालची. पण नगरपालिका असणं आणि ती लोकांची असणं यात फरक आहे. सुरुवातीच्या काळात देशभर अशा संस्थांत सरकारने नेमलेले सभासद आणि सरकारी अंमलदार यांचाच वरचष्मा असे. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, जकात ही कामं त्यांनी करायची आणि हिशेब वर द्यायचा.

शाहू महाराजांच्या अखेरच्या काळात कोल्हापूर नगरपालिकेत निरनिराळ्या जातींना प्रतिनिधित्व देण्याची पद्धत आली. जातवार जागा म्हटलं की आज आपल्या कपाळावर आठ्या येतात. त्या वेळचा हिशेब वेगळा होता. मत जर घरपट्टीवर आणि शिक्षणावर ठरणार असेल, तर खुल्या निवडणुकीत कोण निवडून येणार हे आधीच ठरलेलं. ज्याच्या वस्तीत नळ नाही, तोच जर बैठकीत बसू शकत नसेल, तर नळ कुठे टाकायचा हे दुसराच ठरवणार.

शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात, 1926 साली, संस्थानाने ग्रामपंचायतीचा कायदा केला. असा कायदा करणाऱ्या त्या वेळच्या मोजक्या संस्थानांत कोल्हापूर होतं. ग्रामीण भागासाठी इलाखा पंचायतही आली. आजच्या जिल्हा परिषदेची ती संस्थानी पूर्वज म्हणता येईल. रस्ते, शाळा, दवाखाने अशा कामांचा विचार तिथे होई.

या संस्थांनी काय दिलं? मोठी सत्ता नाहीच. सारा किती घ्यायचा, पोलिसांनी कसं वागायचं, खजिन्यातला किती पैसा राजवाड्यावर जायचा आणि किती लोकांवर, यावर त्यांचा काडीचाही अधिकार नव्हता. पण गावोगावच्या शेकडो माणसांना ठराव मांडण्याची, हिशेब विचारण्याची, विरोधात हात वर करण्याची सवय लागली. बैठकीचं इतिवृत्त काय असतं, तहकुबी म्हणजे काय, हे आधी त्यांना इथेच कळलं. पुढे ज्या चळवळीने दरबाराला हादरवलं, तिच्यासाठी जमीन इथे नांगरली जात होती असं मला वाटतं.

जयसिंगपूर, 6 फेब्रुवारी 1939

संस्थानी प्रजेच्या संघटना देशात आधीपासून होत्या. 1927 साली अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद स्थापन झाली. मराठी मुलखात दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा काम करत होती. पण कोल्हापुरात त्यांचं पाऊल लवकर रुजलं नाही, आणि त्याचं कारण इथल्या समाजकारणात आहे. त्या सभांतले बरेच पुढारी पुण्या-सांगलीकडचे ब्राह्मण. कोल्हापूरच्या ब्राह्मणेतर समाजाला त्यांच्या तोंडची 'दरबारी जुलमा'ची भाषा म्हणजे शाहू महाराजांवरचा जुना राग वाटे. ज्या राजाने आपल्या पोरांना शाळेत बसवलं, त्याच्या गादीविरुद्ध यांच्या मागून का जायचं, हा प्रश्न अगदी रास्त होता.

ही कोंडी फोडली ती माधवराव बागलांनी. वडील खंडेराव सत्यशोधक, 'हंटर' पत्राचे संपादक. माधवराव स्वतः चित्रकार, लेखक, आणि शाहू महाराजांच्या विचारांत वाढलेले. त्यांनी जेव्हा दरबाराकडे हक्क मागितले, तेव्हा त्यांना शाहूद्वेष्टे म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांच्यासोबत निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार होते.

1938 सालच्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानांतल्या लढ्यांबद्दल ठराव केला. त्याचा मथितार्थ असा, की संस्थानी प्रजेने आपल्या संघटना आपणच उभारायच्या, आपल्या बळावर लढायचं. काँग्रेसची सहानुभूती राहील. त्यानंतर देशभर संस्थानांत प्रजा परिषदा उभ्या राहिल्या. कोल्हापूरची प्रजा परिषद 6 फेब्रुवारी 1939 रोजी जयसिंगपुरात भरली. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेलं हे गाव कोल्हापूर-मिरज रेल्वेवर आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडचा शेतकरी तिथे सहज येऊ शकत होता.

मागण्या दोन पदरी होत्या. एक पोटाची: सारा कमी करा. मंदीच्या वर्षांत शेतमालाचे भाव कोसळले होते, सारा मात्र जागचा हलत नव्हता. दुसरी हक्काची: जबाबदार राज्यपद्धती द्या. हे दोन शब्द त्या काळच्या प्रत्येक सभेत आहेत, म्हणून त्यांचा अर्थ नीट सांगतो. राजा गादीवर राहील, त्याला हात लावायचा नाही. पण कारभार करणारे मंत्री लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असतील. सभेचा विश्वास गेला तर मंत्री जातील. अंदाजपत्रक सभेपुढे येईल आणि राजवाड्याचा खासगी खर्च वेगळा, ठरलेला असेल. राजाच्या मर्जीतला दिवाण लोकांचं ऐकतो की नाही हे नशिबावर सोडायचं नाही, एवढाच त्याचा गाभा.

सारा आणि जबाबदार राज्यपद्धती या मागण्या एकत्र का आल्या? सारा माफ करणं राजाच्या हातात होतं. तो एखाद्या वर्षी माफ करीलही. पण दर वर्षी गाऱ्हाणं घेऊन राजवाड्यावर जायचं नसेल, तर सारा ठरवणाऱ्या टेबलाशी आपला माणूस बसला पाहिजे. शेतकऱ्याला हे पटायला व्याख्यान लागलं नाही.

दरबाराने अटका केल्या, दंड लावले, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्याच 1939 सालच्या जानेवारीत औंध संस्थानात उलट घडलं होतं. भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींचा सल्ला घेऊन आपणहून सत्ता सोडली. गावपंचायती पाया धरून घटना तयार केली आणि लोकांच्या हाती कारभार दिला. औंध लहान, कोल्हापूर मोठं, हे खरं. पण राजाने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचा दाखला इतक्या जवळ होता, आणि कोल्हापूरच्या दरबाराने तो घेतला नाही, याची खंत वाटते.

राजा लहान, लढा मोठा

26 नोव्हेंबर 1940 रोजी राजाराम महाराज वारले. मुलगा नव्हता. दत्तक आले ते तान्हे बाळ. संस्थानात राजा वयाने अज्ञान असला की ब्रिटिशांचा हात अधिक खोल शिरतो, हा जुना नियम. त्यामुळे 1942 साली चले जाव चळवळ पेटली तेव्हा कोल्हापूरच्या माणसापुढे दरबार आणि इंग्रज अशा दोन भिंती उरल्या नव्हत्या. त्या एकच झाल्या होत्या.

शहराच्या मध्यभागी, आज जिथे शिवाजी चौक आहे तिथे, मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. 1942 साली भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावेरी या दोघींनी तो भरचौकात विद्रूप केला. पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी त्यावर हातोडे घातले. 1945 साली त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. चौकात कुणाचा पुतळा असावा हे ठरवणं म्हणजे या शहराचे मालक कोण हे ठरवणं होतं, आणि तो निकाल नगरपालिकेच्या बैठकीत लागण्याआधी रस्त्यावर लागला.

13 डिसेंबर 1942 रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले. खजिना आणि कचेरी ताब्यात घ्यायची होती. गोळीबारात 7 जण हुतात्मे झाले. रत्नाप्पा कुंभार याच काळात भूमिगत झाले आणि वर्षानुवर्षं तसेच राहिले.

15 ऑगस्टनंतरही बाकी राहिलेलं

15 ऑगस्ट 1947 ला ब्रिटिशांचं सार्वभौमत्व संपलं. पण त्या दिवशी कोल्हापूरचा माणूस आपोआप आजच्या अर्थाने नागरिक झाला नाही. संस्थानांनी भारतात सामील होताना संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण ही 3 खाती दिली; बाकीचा कारभार संस्थानाकडेच राहिला. आधी दत्तक घेतलेलं बाळ 1946 साली वारलं होतं आणि नव्याने दत्तक आलेले शहाजी महाराज गादीवर होते. काही महिन्यांनी प्रजा परिषदेच्या पुढाऱ्यांचं अंतरिम मंत्रिमंडळ आलं. इतकी वर्षं मागितलेली जबाबदार राज्यपद्धती हाताशी आली, आणि तेव्हाच घात झाला.

30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं आणि दुकानं पेटवली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. संस्थानाच्या खेड्यापाड्यांतही हे लोण गेलं. आपण शाहूंच्या नगरीचे म्हणवतो तेव्हा हा दिवस झाकून ठेवता कामा नये. माणसाला त्याच्या जातीवरून रोज हजेरीला उभं करणं ज्या संस्थानाने बंद केलं, तिथेच 30 वर्षांनी माणसांना जातीवरून हुडकून त्यांची घरं जाळली गेली. लोकांचं मंत्रिमंडळ सत्तेवर होतं, आणि थोड्या संख्येच्या लोकांना ते वाचवू शकलं नाही. भारत सरकारने हस्तक्षेप केला आणि 1948 च्या मार्चमध्ये कॅप्टन नंजाप्पा प्रशासक म्हणून आले.

याच मार्चमध्ये दक्षिणेतली बहुतेक मराठी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर राहिलं. विलीन व्हायचं की नाही यावर खुद्द प्रजा परिषदेत फूट पडली. रत्नाप्पा विलीनीकरणाच्या बाजूने: संस्थान म्हणून वेगळं राहिलात तर जुनी सरंजामी घडी मोडणार नाही, मोठ्या लोकशाहीत सामील व्हा. बागल विरोधात: कोल्हापूरची स्वतःची ओळख, शाहू महाराजांचा वारसा, राजधानीचं स्थान हे सगळं मुंबईच्या एका जिल्ह्यात विरघळून जाईल. एका ताटात जेवलेली, एका तुरुंगात राहिलेली माणसं आमनेसामने आली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. इथे कोल्हापूरचं स्वतःचं हायकोर्ट होतं, सचिवालय होतं. विलीनीकरणानंतर कामासाठी मुंबई गाठावी लागणार हे उघड होतं. उलट बाजूने, वारणेच्या दोन काठांना एकच कायदा लागू व्हायचा तर दुसरा मार्गही नव्हता.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वेळी दिल्लीत घटना लिहिली जात होती. घटना समितीत संस्थानांना 93 जागा होत्या. राजांनी आपली माणसं नेमावीत की लोकांनी निवडून द्यावीत यावर ताणाताण होऊन, निदान निम्मे तरी निवडलेले असावेत असं ठरलं होतं. कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर आणि रत्नाप्पा कुंभार हे दोघंही त्या समितीत बसले. नागरिकत्वाची कलमं बाकी घटनेच्या आधी, 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली. त्यातल्या 5व्या कलमाने ज्याचं कायमचं वास्तव्य भारतात आणि जन्म भारतातला, तो नागरिक ठरला. जन्म ब्रिटिश जिल्ह्यातला की संस्थानातला, जहागिरीतला की खालशातला (थेट दरबाराच्या मुलखातला), हे विचारायचं कारण उरलं नाही. 21 वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला मत मिळालं, सारा भरो वा न भरो, बाई असो वा पुरुष. 1951-52 च्या निवडणुकीत पन्हाळ्याचा आणि वाळव्याचा शेतकरी एकाच कायद्याखाली रांगेत उभा राहिला, आणि दोघांच्या बायकाही.

मागे उरलेली दोन भांडणं

बागलांनी मांडलेली शंका तिथे संपली नाही. विलीनीकरणात गेलेलं न्यायालय परत मिळावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली. अखेर 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा त्याने वाचला.

दुसरं भांडण अजून मिटलेलं नाही. 1972 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण शहराची हद्द वाढली नाही. शहराचं म्हणणं, आजूबाजूची गावं आमचेच रस्ते, आमचीच बाजारपेठ, आमचीच बस वापरतात. हद्द वाढल्याशिवाय निधी येत नाही आणि शहराची वाढ खुंटली आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा अशा गावांतून उत्तर येतं की आम्हाला घरफाळा वाढवून मिळेल, सोयी मिळणार नाहीत, आणि आज ज्या सरपंचाला आम्ही दारात गाठून जाब विचारतो, त्याच्या जागी लांबचा नगरसेवक येईल. विलीनीकरणाच्या वेळचे कागद ज्याने वाचले आहेत, त्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. मोठ्यात गेल्यावर हक्क जास्त मिळतात की आवाज कमी होतो, हाच प्रश्न तेव्हा बागल आणि रत्नाप्पा यांच्यात होता. फरक एवढाच, की या वेळी गावांना ग्रामसभा आहे आणि तिथे ठराव करता येतो. माझं मत विचाराल तर हद्दवाढ व्हावी, पण कोणत्या गावात पाणी, ड्रेनेज आणि रस्ते किती वर्षांत येणार हे लेखी बांधून घेतल्यावर, आणि त्या कामांचा तक्ता दर तीन महिन्यांनी त्या त्या गावापुढे ठेवण्याच्या अटीवर.